सात नंबरचं शेड

दोन हजार एकतीस सालच्या उन्हाळ्यात अमरावती जिल्ह्यात कोंबड्या इतक्या मेल्या की त्या पुरायला जेसीबी लावावे लागले. शेतकरी शेडच्या पत्र्यांवर गोणपाट टाकून पाणी मारत होते, पंखे फिरवत होते, तरी दुपारी दोनच्या सुमारास पक्षी चोच उघडी टाकून, पंख पसरून एकेक करत आडवे होत होते. पिल्लं विकणाऱ्या कंपन्यांचं धाबं दणाणलं, कारण पुढच्या वर्षीसाठी पिल्लं घ्यायला कुणी तयार होईना.

त्याच दिवाळीनंतर त्यांतल्याच एका कंपनीच्या पिंपळखुट्याच्या फार्मवर डॉ. विद्याधर सरोदे नावाचे पशुवैद्यक रुजू झाले. हा फार्म ब्रीडरचा होता. म्हणजे इथली अंडी बाजारात जात नसत; ती उबवायला हॅचरीत जात आणि त्यांतून निघालेली पिल्लं गावोगावच्या शेतकऱ्यांकडे. कुंदा इंगोले तिथे अंडी गोळा करायला होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवरा दिनकर कंपनीच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. कुंदाच्या हातून अंडं सहसा फुटत नसे, आणि कुठली कोंबडी मान टाकणार हे तिला आदल्या दिवशीच कळायचं. सरोद्यांनी आल्या आल्या हे हेरलं.

सात नंबरच्या शेडमध्ये काय करायचं आहे, ते त्यांनी बायकांना एकत्र बसवून सांगितलं. साहेब लोक असं काही समजावून सांगत नसत, म्हणून सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. पिल्लाला आईबापाकडून मिळणारी जनुकं म्हणजे एक जाडजूड पुस्तक समजा, ते म्हणाले. त्या पुस्तकातला एक शब्दही आपल्याला बदलायचा नाही. पण त्यातली काही पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि चिकटलेलं पान वाचता येत नाही. कुठली पानं चिकटणार आणि कुठली मोकळी राहणार, हे आईने कसल्या हवेत दिवस काढले आणि काय खाल्लं यावरही ठरतं. आईने ताप सोसला, तर पिल्लाच्या पुस्तकात ताप सोसायची पानं मोकळी राहू शकतात.

"पण नुसत्या उन्हाने भागत नाही," सरोदे म्हणाले. "तसं असतं तर वऱ्हाडातलं प्रत्येक पिल्लू उन्हाला पक्कं निघालं असतं. ताप सोसायची पानं मोकळी राहावीत म्हणून त्यांच्या आड येणारी पानं चिकटवावी लागतात, आणि त्याला डिंक लागतो. तो आपण खाद्यातून देणार."

डिंक म्हणजे एक फिकट पिवळी पूड होती. कोलीन, फॉलिक आम्ल आणि आणखी दोन-तीन द्रव्यं. त्यांच्यापासून शरीर ते चिकटवणारे रासायनिक कण बनवतं. सात नंबरमध्ये बाराही महिने दुपारचे पाच तास अडतीस अंश उष्णता आणि दमट हवा ठेवायची, खाद्य थोडं हात राखून द्यायचं आणि त्यात ही पूड मिसळायची, असा बेत होता.

मग त्यांनी नियमांचा कागद वाचला. गरोदर बाईने या शेडमध्ये काम करायचं नाही, असा त्यात एक नियम होता. तुमच्यात कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. पुढचा नियम वाचला आणि कागद घडी करून खिशात घातला. शेवटी म्हणाले, या शेडची प्रमुख म्हणून मला कुंदाताई हव्यात. तोपर्यंत फार्मवर एकाही बाईला शेड मिळालं नव्हतं. कुंदाला चौथा महिना लागला होता. ती गप्प बसली.

आठवा महिना संपेपर्यंत ती ढगळ एप्रन घालून सात नंबरमध्ये उभी होती. पूड हवेत तरंगायची, घशाशी चिकटायची, डब्यातल्या भाकरीलाही तिची तुरट चव यायची. मग एक दिवस ती आलीच नाही. बाळंत झाली. मुलीचं नाव मैत्री ठेवलं.

पुढच्या मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर गेला. जिल्ह्यात पुन्हा मर सुरू झाली. सात नंबरची पिल्लं ज्या शेतकऱ्यांकडे गेली होती ते मात्र फोन करकरून सांगू लागले की पक्षी भर दुपारी खाद्यावर आहेत. दोन वर्षांत देशभरातले ब्रीडर फार्म सरोद्यांची रीत वापरू लागले आणि त्यांची दिल्लीला येजा सुरू झाली. कुंदा सात नंबरची प्रमुख राहिली. गावात तिला मान मिळाला.

मैत्री पाच वर्षांची असताना दिनकरने हॅचरीत उरलेली सात नंबरच्या शेडची सात पिल्लं घरी आणली. चाळीस दिवसांनी ती कापायची होती, पण मैत्रीने त्या सगळ्यांना नावं देऊन टाकली होती आणि सुरी बघितली की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. पिल्लं राहिली. बेताचं खाऊन अंगणात मोठी झाली. दोन उन्हाळे त्यांनी सावलीला न जाता काढले. तिसऱ्या वर्षी त्यांचे पाय सुजले, तुरे काळपट निळे पडले आणि दिवाळीपासून होळीपर्यंत सातही मेली. शेजारची गावठी कोंबडी सात वर्षांची होऊन अजून अंडी देत होती.

कुंदाने शेवटचा पक्षी पिशवीत घालून सरोद्यांकडे नेला. त्यांनी तो तिच्यासमोर उघडला. दोन्ही मूत्रपिंडं आक्रसून सुकल्या खारकेसारखी झाली होती. सरोद्यांनी ती चिमट्याने उलटून पाहिली. मग म्हणाले की ताप सोसायची पानं मोकळी ठेवताना बहुतेक दुसरी कुठली तरी पानं कायमची चिकटत असावीत. शरीर पाणी धरून ठेवतं आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. कुंदाने विचारलं, हे कुठे लिहून धाडणार का?

"कुंदाताई, हा पक्षी चाळिसाव्या दिवशी कापला जातो," ते म्हणाले. "तिसऱ्या वर्षी त्याचं काय होतं, हे विचारणारं गिऱ्हाईकच जगात नाही."

तिने मान डोलावली. त्या दिवशी तिच्या मनात फक्त कोंबड्याच होत्या.

मैत्री आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी नोकरी शोधू लागली, तोवर कायदा बदलला होता. मार्च ते जून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच उघड्यावर काम करायला बंदी होती, कारण माणसं मरत होती. चार महिने अर्धा जिल्हा घरात बसून असायचा. कोंबड्यांमधल्या त्या मोकळ्या-चिकटलेल्या पानांच्या खुणा माणसाच्या रक्तातही वाचता येतात, हे एव्हाना सिद्ध झालं होतं. ज्याच्या रक्तात त्या सापडतील त्याला हिरवं कार्ड मिळे, बाकीच्यांना पांढरं, आणि हिरव्या कार्डाला ती बंदी लागू नसे. अशी माणसं हजारात एखादंच. कुणाची आई कधी कसल्या औषधावर होती, कुणाची कसल्या कारखान्यात, असं काहीतरी कारण निघायचं.

यवतमाळकडच्या एका सोलर पार्कच्या भरतीत तीनशे मुलींचं रक्त तपासलं. एकच कार्ड हिरवं आलं. मैत्री धावत घरी आली आणि तिने ते आईच्या हातात ठेवलं.

"आई, हे तुझ्याकडून आलं म्हणे," ती म्हणाली. "तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात असतानाच झालं हे. तुझ्या आईनं काय खाल्लं होतं, ते इचारून ये. काय खाल्लं वं तू?"

"काई नाई," कुंदा म्हणाली. "जे मिळालं ते."

दिनकरने गल्लीत पेढे वाटले. कुंदाने चार घरी फिरून हसून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरून अमरावती गाठली.

सरोदे निवृत्त झाले होते, पण कार्डाचे नियम ठरवणाऱ्या समितीवर होते. बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. कुंदाने बसायच्या आधीच सांगितलं की मैत्रीला हिरवं कार्ड मिळालं आहे. त्यांनी झारी खाली ठेवली. तिने विचारलं, माझ्या अंगणातल्या सात कोंबड्यांचं जे झालं ते तिचं होईल का?

माणूस म्हणजे कोंबडी नाही, सरोदे म्हणाले. होईल असंही सांगता येत नाही, होणार नाही असंही नाही. अशी माणसं चाळीस-पन्नास वर्षं जगलेली कुणी पाहिलीच नाहीत. ती आत्ता कुठे विशीत आली आहेत. कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं जातील. कुंदा म्हणाली, मग निदान एवढं तरी कागदावर लिहा, की कोंबड्यांचं असं झालं होतं. सरोदे चष्मा काढून पुसत राहिले.

"मी तेव्हा तुम्हांले सांगतलं नाई, साहेब," कुंदा म्हणाली. "चूक माझी हाय. पोटुशी होती अन् लपवलं."

"मला माहीत होतं," सरोदे म्हणाले. "ट्रे उचलताना तुम्ही कमरेला हात लावायला लागलात. माझ्या बायकोलाही तेव्हा दिवस गेले होते, घरी तेच बघत होतो. कळलं होतं मला."

"मग काऊन बोलले नाई?"

"दुसऱ्या कुणाच्या हाताखाली तो कळप टिकला नसता."

एवढं बोलून त्यांनी झारी उचलली. कुंदा चहा न घेता जिना उतरली. वीस वर्षं तिने एकटीने वाहिलेलं ओझं या माणसालाही ठाऊक होतं, आणि त्याला त्याने कधी हात लावला नव्हता.

घरी येऊन तिने मैत्रीला पुढ्यात बसवलं आणि सगळं सांगितलं. नियमाचा कागद, चौथा महिना, पूड, अंगणातल्या कोंबड्या, खारकेसारखी मूत्रपिंडं. मुलगी संतापेल, रडेल, निदान उठून जाईल, असं तिला वाटलं होतं. मैत्री शांतपणे ऐकत होती आणि मनात काहीतरी हिशेब करत होती.

"कोंबडी धडपणे किती वर्षं जगते?" तिने विचारलं.

"सात-आठ."

"अन् त्या अडीच-तीन जगल्या. म्हणजे माणसाले तीसेक धर. नाईतर चाळीस." तिने कार्ड पुन्हा हातात घेतलं. "सावलीतलं काम मले कोण देते, आई? चार महिने घरात बसून राहायचं, अन् तसंच म्हातारं व्हायचं. त्याच्यापेक्षा हे बरं हाय."

आठवड्याने ती सोलर पार्कवर रुजू झाली. पन्नास अंशांत आरशासारख्या तळपणाऱ्या पॅनेलांच्या रांगांमधून ती दिवसभर फिरायची, बिघाड शोधायची, रात्री फोनवर हसायची. दर वर्षी तिची तपासणी होई आणि मूत्रपिंडं ठणठणीत असल्याचा अहवाल येई. कुंदा तो दोनदा वाचायची. अंगणातल्या कोंबड्याही दुसऱ्या वर्षापर्यंत ठणठणीतच होत्या, हे तिच्या मनातून जात नसे. तिसऱ्या वर्षी मैत्रीने त्याच पार्कमधल्या प्रफुल्लशी लग्न केलं. त्याचंही कार्ड हिरवं.

एव्हाना पुडीच्या कंपनीने उबघरं काढली होती. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज पाच तास तिथे बसायचं, ताकातून पुडीचा एक डोस घ्यायचा आणि मूल हिरवं जन्माला घालायचं. नावं नोंदवायला रांगा लागत. पिंपळखुट्याचं उबघर सात नंबरच्या शेडमध्येच झालं. खाली फरशी आली, भिंतींना फिका गुलाबी रंग आला. या कामातली सगळ्यात जुनी बाई म्हणून कंपनीने कुंदाला प्रमुखपद देऊ केलं होतं. तिने दोनदा नकार दिला.

मग मैत्री पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, उबघरात नाव घातलं आहे.

कुंदाने तिला सर्व प्रकारे सांगून पाहिलं. हात जोडले. दोन दिवस जेवली नाही. मैत्रीचं एकच म्हणणं होतं. पार्कच्या वसाहतीत हिरव्या कार्डाशिवाय मूल ठेवायला परवानगी नाही. मूल पांढऱ्या कार्डाचं निघालं तर ते कुठे ठेवायचं? आणि उद्या ते करणार काय? दिनकरने लेकीची बाजू घेतली. तिसऱ्या दिवशी कुंदा जेवायला बसली आणि म्हणाली की मी उबघराचं काम घेते, म्हणजे तू माझ्या नजरेसमोर राहशील. सगळ्यांना वाटलं, बाई समजुतीने घेऊ लागली.

मैत्रीच्या तुकडीत नऊ जणी होत्या. रोज दुपारी बारा वाजता कुंदा नऊ पेले मांडायची आणि रवीने घुसळलेलं ताक ओतायची. आठ पेल्यांत मापाने पूड घालायची. नवव्या पेल्यात फुटाण्याचं बारीक पीठ. रंग तोच दिसायचा. पुडीशिवाय नुसत्या उष्णतेने काही होत नाही, हे तिला सरोद्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नववा पेला ती स्वतः लेकीच्या हातात द्यायची आणि रिकामा होईपर्यंत तिथेच थांबायची.

बाकीच्या आठ जणींचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. त्यांतली वर्षा तर शेजारच्याच घरातली, मैत्रीबरोबर शाळेत जाणारी. नऊच्या नऊ मुलं पांढरी निघाली तर लगेच बोभाटा होईल, असं तिने स्वतःला समजावलं. त्या आपल्या खुशीने आल्या आहेत, सह्या केल्या आहेत, असंही समजावलं. मैत्रीही तशीच आली होती, हे ती मनात पुढे येऊ देत नसे. मापाचा चमचा ती प्रत्येक वेळी सपाट करून घ्यायची. कुणाला कमी नाही, जास्त नाही. कामात ती पहिल्यापासूनच चोख होती.

जानेवारीत मैत्रीला मुलगी झाली. टाचेतलं रक्त तपासायला गेलं आणि पांढरं कार्ड आलं. तुकडीतली बाकीची आठही हिरवी. कंपनीचे दोन लोक चौकशीला आले, तेव्हा कुंदाने त्यांना फार विचारायला लावलं नाही. ओट्यावरचा पिठाचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं.

मैत्री खाटेवर मुलीला घेऊन बसली होती. ते लोक गेल्यावर तिने आईला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"तुले खरंच वाटते, की ते वाईट हाय?"

"हो," कुंदा म्हणाली.

"मग बाकीच्या आठ जणींले काऊन पाजलं?"

कुंदा बाळाची दुपटी घडी करू लागली. 

"जवा मी पोटात होती, तवा तू कोणाले इचारलं नाई," मैत्री म्हणाली. "अन् आता मी चोवीस वर्षांची हाओ, समोर बसून तुझ्या हातचं पेत होती. तवाही नाई इचारलं."

तिने पुढे महिनाभर आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग रजा संपली. वसाहतीच्या कार्यालयाने नियम दाखवला. पांढऱ्या कार्डाचं मूल फाटकाच्या आत येणार नाही. प्रफुल्लने दुसरीकडे काम शोधून पाहिलं, पण हिरवं कार्ड लागतं ती सगळी कामं तशाच जागी होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मैत्रीने मुलीला, जुईला, कुंदाच्या मांडीवर ठेवलं, दुधाच्या बाटल्या मोजून लावल्या आणि बसमध्ये चढली. दुधाने पदर ओला झाला होता म्हणून तिने वरून ओढणी घेतली होती.

जुई कुंदाच्या हाताखाली वाढली. उन्हाळ्याचे चार महिने ती ओले पडदे लावलेल्या खोलीत कूलरसमोर असायची. खिडकीबाहेर गल्लीत, भर एप्रिलच्या दुपारी, तिच्याच वयाची आठ पोरं अनवाणी धावायची. त्यांच्या आया कुंदाला कधी रस्त्यात भेटल्या तर थांबून बोलत. वर्षाने तर आपल्या मुलाला तिच्या पाया पडायला लावलं. तुमच्या हाताला यश हाय मावशी, ती म्हणाली. कुंदाने त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी येऊन दार लावून घेतलं. आपण कुणाचं भलं केलं आणि कुणाचा घात, हे कळायला अजून तीस वर्षं होती. तेवढी तिच्याजवळ नव्हती.

मैत्री दोन महिन्यांतून एकदा येई, एक दिवस राहून जाई. जुई चार वर्षांची झाली त्या वर्षी पार्कमध्ये काम वाढलं आणि तिला सहा महिने सुटी मिळाली नाही. ती आली तेव्हा कुंदा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. दार वाजलं. जुईने स्टुलावर चढून कडी काढली, बाहेर पाहिलं आणि आत धावत आली.

"आई," ती कुंदाच्या पातळाला धरून म्हणाली, "कोणीतरी मावशी आली हाय. उन्हानं काळी झालेली."

कणकेचे हात तसेच धरून कुंदा दारापर्यंत आली. मैत्री उंबऱ्याबाहेर उभी होती. हातात खेळण्यांची पिशवी होती, आणि तिने ऐकलं होतं. कुंदा खाली वाकून पोरीला सांगू लागली की अगं, ही मावशी नव्हे, ही तुझी...

"राहू दे," मैत्री म्हणाली आणि चपला काढायला खाली बसली.